मूळ पुरुषाची बायको

विहीणबाईंनी समोर ठेवलेलं घरचं बायबल मी मधोमध उघडलं. जुना करार संपून नवा सुरू होतो, त्या सांध्यात घरच्या नोंदींसाठी काही पानं छापणाऱ्यांनीच सोडलेली असतात. लग्नं, जन्म, मृत्यू असे मथळे आणि खाली रेघा. विहीणबाईंना वाटलं, मी नावं वाचतोय. मी शाई बघत होतो. १८३७ ते १८५७ या वीस वर्षांतले आठ जन्म एकाच हातानं, एकाच टाकानं, एकाच बैठकीत लिहिलेले होते. अक्षर कुठं थकलेलं नव्हतं, रंग कुठं बदललेला नव्हता. मग पहिलं पान काढून छपाईचं साल पाहिलं. १८५८. म्हणजे मूल जन्मलं आणि नोंद झाली, असं इथं घडलंच नव्हतं. कुणीतरी सगळं मागाहून एकदम उतरवलं होतं.

लग्नाचं पान कोरं होतं.

भूमी अभिलेख खात्यात मी चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी भूकरमापक म्हणून. वेळच्या वेळी भरलेलं रजिस्टर आणि मागाहून भरलेलं रजिस्टर यांतला फरक डोळ्यांना सवयीनं कळतो. मुलगी अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या सेलम गावी असते. जावई तिथलेच, कित्येक पिढ्यांचे. विहीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आपण आहोत तोवर घराण्याची वंशावळ नीट, पुराव्यासकट लिहून नातवाच्या हाती द्यावी, ही त्यांची इच्छा. नातू आमचाही तोच, म्हणून मी बसलो. दोन मुक्काम मिळून अकरा महिने हे काम चाललं. घराण्याचं नाव मी इथं देत नाही, ते त्यांचं आहे.

घरात सांगत आलेली गोष्ट अशी : मूळ पुरुष १८५२ साली बायको आणि सहा मुलं घेऊन, बैलांच्या वॅगनमधून आयोवाहून ओरेगनला आला. त्या बायकोचा फोटो विहीणबाईंच्या दिवाणखान्यात आहे. काळा झगा, डोक्याला लेसची टोपी, मांडीवर जाड बोटांचे दोन हात. नाव मेरी. माहेरचं आडनाव घरात कुणाला माहीत नव्हतं. इंटरनेटवर लोकांनी चढवलेल्या वंशावळी पाहिल्या, तर तिथं ऐंशीएक ठिकाणी तिचं एकच आडनाव होतं. जन्मतारीखही एकच. पुरावा मात्र एकाही ठिकाणी नाही. एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. ऐंशी साक्षीदार एकाच माणसाचं ऐकून बोलत असतील, तर साक्ष एकच धरायची असते.

आपल्याकडं त्र्यंबकेश्वरला गेलं, की उपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, माडीवरून चोपडा काढतात आणि आपल्या पणजोबांचा हात समोर येतो. कोण, कुठला, कुणाचा, हे माणूस स्वतः सांगून गेलेला असतो. पश्चिमेकडं निघालेल्या या लोकांना असा चोपडा नाही. दर दहा वर्षांनी ते नव्या मुलखात, देऊळ नाही, चर्च अजून बांधायचंय, जन्ममृत्यूची नोंद करणारी कचेरी नाही. त्यांचा माग दोनच गोष्टींत राहतो : जनगणना आणि जमीन.

जनगणना उलटी वाचत जायची, आजकडून मागं. माणशी तपशील ७२ वर्षं बंद ठेवण्याचा तिथं नियम आहे, म्हणून सर्वांत अलीकडची खुली जनगणना १९५०ची. ती २०२२च्या एप्रिलमध्ये उघडली. तिच्यात विहीणबाई चार वर्षांच्या आहेत. आपलं नाव पाहून त्या बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. तिथून वडील, आजोबा, पणजोबा असं सरकत १९००पर्यंत काही अडलं नाही. १८९०ची जनगणना जवळजवळ सगळी गेली. वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला १० जानेवारी १९२१ रोजी आग लागली आणि तळघरातली ती रजिस्टरं जळाली, भिजली. १९०० आणि १८८०च्या मध्ये वीस वर्षांचं भोक पडलेलं आहे, ते प्रत्येकाला उडी मारून पार करावं लागतं.

१८५०ची जनगणना या शोधाचं खरं दार आहे. त्याआधीच्या याद्यांत घरच्या कर्त्याचंच नाव असे, बाकीची माणसं वयाच्या रकान्यात नुसते आकडे. पाच ते दहा वयाचे मुलगे दोन, वीस ते तीसची बाई एक. १८५०ला पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं, तेही गुलाम नसलेल्यांचंच. पण या यादीत एक उणीव आहे आणि पुष्कळ लोक तिथं फसतात : नातं लिहिलेलं नाही. कर्त्याच्या खाली बाईचं नाव आहे म्हणून ती त्याची बायको, हे आपण ठरवतो. ती बहीण असू शकते, विधवा वहिनी असू शकते. नात्याचा रकाना १८८०ला आला.

आयोवातल्या त्या पानावर आमचं घर सापडलं. मूळ पुरुष, वय ३६, जन्म ओहायो, शेतकरी. खाली मेरी, वय ३१, जन्म केंटकी. मग सहा मुलं. थोरला १३ वर्षांचा, जन्म इंडियाना. मधली इंडियानाची, पुढची इलिनॉयची, शेवटचा एक वर्षाचा, जन्म आयोवा. हा एक वर्षाचा म्हणजे विहीणबाईंचे पणजोबा. मुलांच्या जन्मस्थळांची ही ओळ मला फार आवडली. जात्यातून पीठ सांडत जावं तसा त्या बाईच्या पोटातून रस्ता दिसतो. इंडियाना, इलिनॉय, आयोवा. १८४१चं मूल इथलं आणि १८४४चं तिथलं, म्हणजे त्या तीन वर्षांत घर उठलं. नकाशावर टाचण्या लावल्या आणि विहीणबाईंना दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे हिनं प्रत्येक घरात एकदोन बाळंतपणं केली आणि प्रत्येक घर सोडलं."

मग १८६०. ओरेगन, लिन काउंटी. मूळ पुरुष, वय ४६. बरोबर दहा वर्षं वाढलेला. मेरी, वय ३४, जन्म न्यूयॉर्क.

पहिल्यांदा मी ते लेखनिकाच्या माथी मारलं. वयं चुकतात, शेजाऱ्याला विचारून भरलेली असतात. पण दहा वर्षांत बाई तीनच वर्षांनी मोठी होते आणि तिचा जन्म केंटकीहून न्यूयॉर्कला सरकतो, या दोन चुका एकदम होणं मला पटेना. ३४ वर्षांची बाई १८२६ची. थोरला मुलगा १८३७चा. तेव्हा ती अकरा वर्षांची. मी बायबल पुन्हा उघडलं. सहावा जन्म १८४९चा आणि सातवा १८५५चा. आधी दर दोन-तीन वर्षांनी पाळणा हललेला आणि इथं एकदम सहा वर्षांचं अंतर. ते पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी शाई बघत बसलो आणि अंतर मोजलं नाही.

विहीणबाईंना लगेच सांगितलं नाही. मोजणीत दोन खुणा जुळल्याशिवाय तिसरीवर दगड पुरत नाहीत. १८८०च्या जनगणनेत आईवडिलांचं जन्मस्थळ विचारलेलं आहे. पणजोबा तेव्हा एकतीस वर्षांचे, वेगळ्या घरात. त्यांच्या ओळीत आईचं जन्मस्थळ : केंटकी. त्यांचा १८५५ला ओरेगनमध्ये जन्मलेला भाऊ गावच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. त्याच्या ओळीत आईचं जन्मस्थळ : न्यूयॉर्क. दोघा भावांना एकमेकांचं उत्तर माहीत नव्हतं, विचारणाराही बहुधा वेगवेगळ्या दिवशी आलेला. खूण जुळली. मेरी दोन होत्या.

आता जमिनीकडं आलो आणि इथं मला घरी आल्यासारखं वाटलं. ओरेगनमध्ये १८५० साली डोनेशन लँड क्लेम कायदा झाला. १ डिसेंबर १८५०च्या आधी आलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर, विवाहित जोडप्याला ६४०. त्यानंतर आलेल्यांना निम्मं : एकट्याला १६०, जोडप्याला ३२०. चार वर्षं जागेवर राहायचं, जमीन कसायची, मग सनद. जोडप्याच्या क्षेत्रातला अर्धा भाग बायकोच्या स्वतःच्या हक्काचा, तो कुठला हे सर्वेक्षण खात्यानं आखून द्यायचं. त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक भागांत विवाहितेची मिळकत नवऱ्याचीच समजत, तिथं हे कलम वेगळं होतं. त्याची दुसरी बाजूही होती. बायको म्हणजे दुप्पट जमीन, म्हणून कोवळ्या पोरींची लग्नं घाईघाईनं लावली गेली.

वंशावळ शोधणाऱ्याला या कायद्यानं मोठी देणगी दिली. अर्धी जमीन बायकोची, म्हणून दावा करणाऱ्याला लग्न कधी आणि कुठं झालं ते शपथेवर सांगावं लागे. राष्ट्रीय अभिलेखागारानं या फायलींच्या मायक्रोफिल्म केल्या आहेत आणि पोर्टलंडच्या जिनिऑलॉजिकल फोरम ऑफ ओरेगन या संस्थेनं त्यांचे गोषवारे छापले आहेत. गोषवारा चारपाच ओळींचा असतो : जन्म, ओरेगनमध्ये आगमन, दाव्यावर वस्ती, लग्न आणि शेवटी शपथपत्र देणाऱ्यांची नावं. आमच्या गोषवाऱ्यात आगमन ऑक्टोबर १८५२. लग्न मार्च १८५३, लिन काउंटी, पत्नीचं नाव मेरी. वस्ती सप्टेंबर १८५३. क्षेत्र ३२० एकर.

काउंटीच्या लग्नाच्या नोंदवहीत त्या मार्चची नोंद मिळाली आणि नवरीचं पूर्ण नाव मिळालं. आडनाव तेच, ऐंशी वंशावळीतलं. म्हणजे ते आडनाव खोटं नव्हतंच. कुणीतरी कधीतरी ही नोंद पाहिली आणि आठही मुलं तिच्या ओटीत घातली.

त्या दिवशी संध्याकाळी मी विहीणबाईंना सगळं टेबलावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. मग फोटोकडं पाहिलं. "म्हणजे ही आमची नाही?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. आयोवाच्या यादीत एक वर्षाचं असलेलं मूल, बाप ओरेगनला पोचला तेव्हा तीन वर्षांचं होतं. त्या मुलाला ताप आला तर उशाशी कोण बसलं असेल, ते फोटोतल्या त्या जाड बोटांवरून दिसत होतं. मी म्हणालो, "ही तुमची आहेच. पण हिच्या आधी एक होती."

"ती कुठं गेली?"

मिसुरी नदीपासून ओरेगनपर्यंत ही वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची, चारपाच महिन्यांची. वॅगनमध्ये पिठाची पोती, खारवलेलं डुकराचं मांस, अवजारं. माणसं बहुतेक वाट पायीच चालत. १८४३ला पहिल्या मोठ्या तांड्यात सुमारे हजार माणसं होती, १८५२ हे सर्वाधिक गर्दीच्या वर्षांतलं एक. त्याच वर्षी प्लॅट नदीच्या काठी पटकीनं कहर केला. मुक्काम तोच, पाणी तेच, आधीच्या तांड्याची घाण त्याच काठावर. सकाळी चालतं माणूस संध्याकाळी नसे. कोल्ह्या-लांडग्यांनी उकरू नये म्हणून पुष्कळांना वाटेतच पुरत आणि वरून वॅगन नेत, म्हणजे माती घट्ट बसे आणि खूणही राहत नसे. विहीणबाईंच्या घरात 'वाटेवर इंडियनांनी कुणाला तरी मारलं' असं मोघम बोललं जाई. इतिहासकार जॉन अनरू यांनी १८४० ते १८६० या काळाची मोजदाद केली आहे : इंडियनांच्या हातून मेलेले वाटसरू ३६२, वाटसरूंच्या हातून मेलेले इंडियन ४२६. रोगानं नेले ते हजारो.

पहिली मेरी प्लॅटकाठी गेली असावी, असं म्हणायचा मोह फार होतो. सगळं जुळतं. पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. आयोवात निघण्याआधीच्या हिवाळ्यात गेली असेल, ओरेगनला पोचल्यावर पहिल्या पावसात गेली असेल. विहीणबाईंनी विचारलं, "मग लिहायचं काय?" मी सांगितलं, जे कागद बोलतात तेवढंच. मृत्यू : १८५०च्या जनगणनेनंतर, मार्च १८५३पूर्वी. ठिकाणाचा रकाना मोकळा. त्यांना ते आवडलं नाही. दोन दिवसांनी त्यांनीच तसं लिहिलं.

आता पहिलीचं माहेर. बाईचा माग काढायचा तर बाईकडं बघून चालत नाही, तिच्या आजूबाजूला बघावं लागतं. भाऊबंद, शेजारी, साक्षीदार. माणसं एकटी पश्चिमेकडं गेली नाहीत, गोतावळ्यानं गेली. दाव्याच्या फायलीत दोघांनी शपथपत्रं दिली होती, की हा माणूस इथं राहतो, जमीन कसतो, आम्ही पाहिलं आहे. त्यांतलं एक नाव मला ओळखीचं वाटलं. कुठं पाहिलं ते आठवेना. रात्री दोन वाजता उठून आयोवाचं पान काढलं. आमच्या घरापासून तिसरं घर, तोच माणूस, वय २८, जन्म केंटकी. म्हणजे आयोवात शेजारी, ओरेगनात साक्षीदार आणि केंटकीचा.

आडनाव हाती आलं, पण अजून तो शेजारीच होता, भाऊ नव्हता. थोरलं मूल इंडियानाचं, तेव्हा लग्न तिथलं असणार. पण इंडियानात नव्वदहून जास्त काउंट्या. त्यातली कुठली? इथं पुन्हा जमीन कामी आली. सरकारी जमीन त्या काळी सव्वा डॉलर एकरनं विकली जाई आणि विकत घेणारा कुठल्या काउंटीचा रहिवासी, हे सनदेत लिहिलेलं असे. या सनदा आता सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. मूळ पुरुषानं इंडियानात ४० एकर घेतले होते, पन्नास डॉलरला. त्या ४० एकरांनी काउंटी सांगितली. तिथल्या लग्नाच्या वह्यांचं चित्रण लॅटर-डे सेंट्स पंथाच्या लोकांनी कधीच करून ठेवलेलं आहे. हे लोक १९३८पासून जगभरच्या दप्तरांचं चित्रण करताहेत आणि कुणालाही फुकट पाहू देतात. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

अक्षर वाचायला वेळ लागला. नोकरीत मोडी शिकलो होतो, त्याचा उपयोग अक्षरांपेक्षा सवयीचा झाला. लेखनिकाचा हात ओळखायचा, त्याचा एक 'एस' पक्का करायचा, मग तो पानभर शोधायचा. जे-एन-ओ एवढंच लिहिलं असेल तर ते जॉन. डी-ओ म्हणजे वरीलप्रमाणे. ऑगस्ट १८३६. मूळ पुरुषाचं नाव आणि पुढं मेरी, आणि तिच्यापुढं ते आडनाव. ओरेगनच्या साक्षीदाराचं.

वहीत बारीक अक्षरात आणखी एक टिपण होतं : बापाची संमती दाखल. मुलगी अज्ञान असली तर बापाची लेखी संमती लागे. त्या काउंटीच्या कचेरीला पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी एका स्वयंसेवक बाईंनी सुट्या कागदांच्या डब्यातून ती चिठ्ठी शोधून फोटो पाठवला. हाताच्या पंजापेक्षा लहान तुकडा, चार घड्यांचा, घडीवर फाटलेला. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या दोन ओळी, माझी मुलगी मेरी हिचं लग्न लावण्यास माझी हरकत नाही, असा मजकूर. खाली बापाचं नाव, त्याच अक्षरात. नावाच्या मधोमध फुली. फुलीची एक रेघ जाड होती, दुसरी थरथरत खाली घसरलेली आणि तिच्या टोकाला शाईचा थेंब. आपल्याकडं अंगठा घेतात, तिथं फुली. मी नोकरीत हजारो अंगठे घेतले. माणूस वाकतो, दुसऱ्या हातानं टेबल धरतो आणि अंगठा उचलल्यावर बोटाकडं बघत राहतो. केंटकीहून आलेल्या त्या शेतकऱ्यानं टाक मुठीत धरला असणार.

तो थेंब विहीणबाईंनी बोटानं पडद्यावर झाकला आणि पुन्हा उघडला. त्या काही बोलल्या नाहीत.

मेमध्ये आम्ही तिघं, विहीणबाई, जावई आणि मी, दाव्याची जागा पाहायला गेलो. जमीन त्यांच्या घराण्याकडून कधीच गेली आहे, तिथं आता गवताचं बियाणं पिकतं. त्या भागाचा तो मोठा व्यवसाय आहे. मी सर्वेक्षणाच्या मूळ टिपणांच्या प्रती बरोबर घेतल्या होत्या. ओरेगनची मोजणी ४ जून १८५१ रोजी पोर्टलंडजवळच्या टेकडीवर जॉन प्रेस्टन यांनी ठोकलेल्या देवदारी खुंटापासून सुरू झाली. त्या खुंटाच्या जागी पुढं १८८५ साली दगड बसवला. तिथून सहा मैलांचे चौकोन, प्रत्येकात ३६ सेक्शन, सेक्शन ६४० एकरांचा. पण डोनेशनचे दावे ओढा, टेकडी बघून आधीच वाकडेतिकडे धरलेले, ते चौकोनात बसेनात. म्हणून त्यांना ३७पासून पुढचे क्रमांक दिले. नकाशात ३७च्या पुढचा आकडा दिसला, की ओळखायचं, हा डोनेशनचा दावा.

त्यांची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. आमची ३३ फुटांची, सोळा आण्यांची. आमच्या एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यांच्या दहा चौरस साखळ्यांचा एकर. एकर तोच. पुरंदर तालुक्यात उन्हात ओढलेली साखळी आणि ही साखळी एकाच मापाच्या पोटातली, हे त्या शेताच्या बांधावर उभं राहून मी विहीणबाईंना समजावून सांगितलं. दगड नसेल तिथं त्यांनी कोपऱ्याला झाडं साक्षी धरली आहेत : अमुक जाडीचा ओक, अमुक अंशावर, इतक्या कड्यांवर. झाडाच्या सालीवर खूण केलेली. साक्षीचे ओक आता नव्हते. पण ओढ्याचं वळण टिपणातल्या ठिकाणीच होतं आणि त्यावरून उत्तर-दक्षिण रेघ आम्हाला धरता आली. त्या रेघेच्या एका बाजूचे १६० एकर दुसऱ्या मेरीच्या स्वतःच्या नावाचे. विहीणबाई कुंपणाच्या बाहेरून त्या रेघेच्या दिशेनं थोडं चालल्या.

एक गोष्ट मला तिथं सांगायचीच होती. आमच्या कामात जमिनीची मालकी फेरफारांनी मागं मागं जाते. आधीचं नाव कंसात जातं, नवं वर येतं. या जमिनीच्या कागदांत पहिलं नाव संयुक्त संस्थानांचं सरकार, दुसरं आमचा मूळ पुरुष. सरकारच्या आधी कंसात कुणी नाही. पण ही जमीन ज्या विलामेट खोऱ्यात आहे, तिथं कालापुया लोक राहत होते. ते कॅमसचे कंद खणत, दर वर्षी गवत जाळून माळ मोकळे ठेवत. नांगराला तयार असलेलं ते रान त्यांनी राखलेलं होतं. १८३०नंतरच्या हिवतापाच्या साथींनी त्यांच्यातले बहुसंख्य आधीच नेले होते. उरलेल्यांशी करार झाला जानेवारी १८५५ला आणि त्यानंतर त्यांना ग्रँड राँडच्या राखीव क्षेत्रात हलवलं. आमच्या माणसाची वस्ती सप्टेंबर १८५३ची. करार होण्याच्या सोळा महिने आधी तो तिथं बसला आणि सरकारनं ती जमीन त्याच्याही आधी वाटायला काढलेली होती. तालुक्याच्या कचेरीत असा फेरफार माझ्यापुढं आला असता, तर मी मंजुरीला पाठवला नसता.

विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, की वंशावळीच्या पहिल्या पानावर, मूळ पुरुषाच्या वर, हेही यायला हवं. तसं ते आता आहे. कालापुया हे नाव, कराराचं साल आणि वस्तीचं साल शेजारी शेजारी.

शेवटचा कागद मी शोधत नव्हतो. मूळ पुरुष गेल्यावर त्याच्या मिळकतीचा निवाडा झाला, त्याचं पाकीट दप्तरात होतं. जमिनीच्या खरेदीखतांची वही कारकुनाच्या हातची नक्कल असते, पण निवाड्याच्या पाकिटात मूळ पावत्या राहतात. बैलांची किंमत, शवपेटीचे पैसे, वाण्याची उधारी. त्यात विधवेनं सही करून घेतलेल्या रकमेची पावती निघाली. दुसऱ्या मेरीची सही. तिच्या एमचा पहिला पाय डावीकडं आत वळून गाठ मारतो. मी ती पावती बायबलच्या जन्माच्या पानाशेजारी धरली. पानावर मेरी नावाची एक मुलगी आहे. दुसऱ्या नंबरची, १८३९ची, इंडियानाची. तिच्या एमचा पाय तसाच आत वळलेला, तशीच गाठ. मग इतर अक्षरं पाहिली. हात तोच.

म्हणजे १८५८च्या सुमारास नवं बायबल घरात आलं, तेव्हा त्या बाईनं बसून आठ जन्म लिहिले. आपले दोन होतेच. आधीचे सहा तिनं मुलांना विचारून, नवऱ्याला विचारून लिहिले असणार. वार आणि तारखेसकट. तिनं न पाहिलेल्या गावांची नावं लिहिली आणि ती बरोबर लिहिली. मी प्रत्येक तारीख १९००च्या जनगणनेतल्या जन्ममहिन्याशी ताडून पाहिली. जे तोवर हयात होते त्यांचे महिने जुळतात. आणि मग लग्नाच्या पानाशी आल्यावर तिनं टाक खाली ठेवला.

विहीणबाईंनी ते पान उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं. एवढ्या जुन्या कागदावर आपण लिहावं का, असा प्रश्न होता. मी म्हणालो, पान तुमच्या घरचं आहे, लिहा. फक्त खाली आजची तारीख घाला आणि हे कुठून मिळालं तेही लिहा, म्हणजे पुढं कुणी शाई बघायला बसला तर त्याची फसगत होणार नाही.

त्यांनी चष्मा पुसला. पहिल्या रेघेवर ऑगस्ट १८३६, इंडियाना, मेरी, आणि बापानं जिच्यासाठी फुली मारली तिचं आडनाव. दुसऱ्या रेघेवर मार्च १८५३, लिन काउंटी, मेरी, आणि तिचं आडनाव. मग डाव्या कोपऱ्यात तारीख. नातू खुर्चीवर गुडघे टेकून बघत होता. त्यानं विचारलं, दोघींचं नाव एकच कसं, आणि विहीणबाई शाई वाळेपर्यंत त्याला ते सांगत बसल्या.